दुधाचे डबे आम्ही का स्वीकारत नाही

वाढदिवसाच्या अथवा पुण्यतिथीच्या निमित्ताने काही दाते बालरुग्ण विभागासाठी दुधाच्या पावडरीचे डबे व दूधबाटल्या देऊ करतात. आम्ही ते साभार परत करतो तेव्हा कित्येकांस वाईट वाटते. म्हणून त्यामागील कारणे येथे नमूद करीत आहोत.

पहिले कारण कायद्याचे. १९९२ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनाथालयाचा अपवाद वगळता शिशुदुग्धपर्याय व दूधबाटल्या कोणासही दान करता येत नाहीत. २००३ मध्ये हा कायदा अधिक कडक करण्यात आला.

परंतु कायदा नसता तरीही आमचे उत्तर बदलले नसते. वाणिज्य शाखेत शिकविला जाणारा ‘मागणी तसा पुरवठा’ हा नियम मातेच्या दुधास जितका चपखल लागू पडतो, तितका बाजारासही पडत नसावा. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. डब्यातील दुधाने पोट भरलेले बाळ स्तनाशी कमी ओढते, दूध आटते आणि मग डबा ही गरजच होऊन बसते. मोफतचा डबा संपल्यावर पुढचा विकत घ्यावा लागतो. तो पुरवून वापरण्यासाठी चार चमच्यांच्या जागी दोन पडतात; पाणी न उकळलेले आणि बाटली न उकळलेली असल्यास जुलाब ठरलेलेच.

जन्मानंतर पहिल्या तासात पिवळसर चीक आणि पुढे सहा महिने केवळ आईचे दूध, हाच आमच्या वैद्यकांचा आग्रह असतो. या काळात मध, घुटी तर नकोच. उन्हाळ्यात वरचे पाणीही नको. अपुऱ्या दिवसांच्या किंवा मातेविना राहिलेल्या बाळांचा प्रश्न वेगळा असून त्याचा निर्णय डॉक्टरच घेतात. अशा बाळांसाठीही आईचे दूध मिळू शकते, हे १९८९ मध्ये मुंबईतील शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेल्या मातृदुग्धपेढीने दाखवून दिले. आशियातील ती पहिली पेढी होय.

सहा महिन्यांनंतर मात्र केवळ दूध पुरत नाही. बाळाच्या शरीरातील लोहाचा जन्मजात साठा संपत आलेला असतो आणि सहा ते आठ महिन्यांच्या बाळास आईच्या दुधाव्यतिरिक्त दररोज सुमारे २०० कॅलरी लागतात. नऊ महिन्यांनंतर ही गरज ३०० वर जाते. पोट मात्र लहानशा वाटीएवढे! त्यात वरणावरचे पाणी किंवा पातळ पेज भरली, तर पोट भरते आणि बाळ उपाशी राहते. पळी तळापर्यंत घालून घट्ट डाळ काढावी, तीत मऊ भात कुस्करावा, वर चमचाभर तूप अथवा तेल घालावे. नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा, घरात चालत असल्यास अंडे, हे सारे चालते. चमचा तिरका केला तरी घास चटकन ओघळू नये, ही सोपी परीक्षा. सुरुवातीस दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा. आणि आईचे दूध चालूच. बाळाने घास बाहेर ढकलला म्हणजे त्यास तो आवडला नाही, असा निष्कर्ष आजीबाईंनी घाईने काढू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास बालकांना पुरेसा आहार मिळतो. ही उणीव केवळ गरिबांच्या घरातच आहे, असे आम्हांस वाटत नाही.

दूध पाजणाऱ्या मातेचे स्वतःचे पोट भरलेले असावे लागते. बालरुग्णाजवळ राहणाऱ्या मातांच्या दोन वेळच्या जेवणासाठी, तसेच वाटी-चमच्यांसाठी देणगी कार्यालयात कृतज्ञतापूर्वक स्वीकारली जाते. दात्याच्या इच्छेनुसार पावतीवर निमित्ताचा उल्लेख केला जातो.