साखर की कृत्रिम गोडवा : आरोग्य आणि धोरण

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ मध्ये देशातील सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह होता, तर १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत होत्या. या पार्श्वभूमीवर साखरेऐवजी कृत्रिम गोडवा देणारे पदार्थ, म्हणजेच स्वीटनर, वापरणे कितपत हितावह आहे, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आणि करधोरणाचाही ठरतो.

साखरेचे परिणाम

एक ग्रॅम साखरेपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. प्रथिने, जीवनसत्त्वे वा तंतुमय घटक मात्र मिळत नाहीत. साखरेच्या अतिसेवनाने दात किडतात आणि वजन वाढते. स्थूलतेबरोबर टाइप २ मधुमेह व हृदयविकार यांचा धोकाही वाढतो. पदार्थात वरून घातलेली साखर तसेच मध व फळांचे रस यांतील साखर ‘मुक्त साखर’ म्हणून ओळखली जाते. तिच्यापासून मिळणारी ऊर्जा एकूण दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम येते. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयातच साधारणतः ३० ग्रॅम साखर असते.

स्वीटनरची सुरक्षितता

सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये, तर अ‍ॅस्पार्टेमचा १९६५ मध्ये लागला. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट, तर सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड असते. त्यामुळे ते अत्यल्प प्रमाणात पुरते आणि त्यापासून मिळणारी ऊर्जा नगण्य असते. या पदार्थांमुळे दात किडत नाहीत. रक्तातील साखरही साखर खाल्ल्यावर वाढते तशी वाढत नाही.

जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमचा समावेश ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात केला. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांविषयीच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रति किलोग्रॅम वजनामागे दररोज ४० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा कायम ठेवली. या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. पहिला निष्कर्ष पुराव्याचे बळ सांगतो. दुसरा किती सेवनापर्यंत चिंता नाही, हे सांगतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने ही मर्यादा ओलांडण्यासाठी, अन्य आहारातून अ‍ॅस्पार्टेम मिळत नाही असे धरल्यास, डाएट पेयाचे ९ ते १४ कॅन रोज प्यावे लागतील. फिनाइलकीटोन्यूरिया हा आनुवंशिक विकार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळणे आवश्यक आहे.

वजन घटते काय?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन नियंत्रणाचे साधन म्हणून स्वीटनर वापरू नयेत, अशी सशर्त शिफारस केली. अल्पकालीन प्रयोगांत वजनात किंचित घट दिसते. दीर्घकालीन निरीक्षणांत मात्र लाभ दिसत नाही, उलट टाइप २ मधुमेह व हृदयविकार यांच्याशी संबंध आढळतो. हा संबंध कार्यकारणाचाच आहे, असे सिद्ध झालेले नाही. कारण ज्यांचे वजन आधीच वाढलेले आहे, अशा व्यक्तीच अनेकदा स्वीटनरकडे वळतात. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही.

करधोरणातील पेच

ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असल्यास तो लागत नव्हता. परिणामी उत्पादकांनी साखर घटविली. परंतु अनेक पेयांत तिची जागा स्वीटनरने घेतली. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून कार्बनयुक्त शीतपेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. गोडवा साखरेचा असो वा स्वीटनरचा, दर एकच. यामुळे स्वीटनरला सवलत मिळत नाही. मात्र साखर कमी करण्यास उत्पादकाला करातून प्रोत्साहनही मिळत नाही.

समारोप

स्वीटनरचा लाभ ते कशाची जागा घेतात यावर अवलंबून असतो. नियमित गोड पेय पिणाऱ्याने त्याऐवजी डाएट पेय घेतले, तर साखर निश्चितच घटते. पाणी वा ताक यांची जागा त्या पेयाने घेतली, तर काहीच साधत नाही. म्हणूनच आहारातील एकूण गोडवा लहानपणापासून मर्यादित ठेवणे, हेच धोरणाचे उद्दिष्ट असावयास हवे.