उजव्या कुशीची वेदना: रोग्याचें पोट कसें पाहावें

खेडोपाडीं पोट दुखूं लागलें कीं बहुधा दोनच कारणें सांगण्यांत येतात: अजीर्ण झालें, नाहींतर बेंबी सरकली. उपायही दोनच. एरंडेल पाजावें, किंवा एखाद्या जाणत्या बाईकडून पोट चोळून घ्यावें. पुष्कळ वेळां रोगी बराही होतो, कारण बहुतेक पोटदुखी आपोआपच थांबणारी असते. परंतु एक दुखणें असें आहे कीं त्यांत हे दोन्ही उपाय घातक ठरूं शकतात. त्यास ॲपेंडिसायटिस, म्हणजे आंत्रपुच्छाचा दाह, असें म्हणतात. मंडळ्यांतील उपदेशकांस व वडिलांस रात्रीअपरात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं बोलावणें येतें. म्हणून हें दुखणें कसें ओळखतात व डॉक्टर पोटावर हात ठेवून काय पाहतात, याचा थोडा अभ्यास करूं.

लहान आंतडें मोठ्या आंतड्यास जेथें मिळतें, तेथें करंगळीसारखी, एका टोकास बंद असलेली एक नळी असते. तिचें तोंड बुजलें म्हणजे आंत सूज येते, पू धरतो, आणि वेळीं उपाय न झाल्यास ती फुटून घाण पोटांत पसरते. उजव्या कुशींतील पुष्कळशा जीवघेण्या गळवांचें मूळ ही नळीच होय, हें बॉस्टन येथील डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनीं १८८६ सालीं दाखवून दिलें. रोगाचें नांवही त्यांचेंच.

हात लावण्यापूर्वीं विचारावें. या रोगाची वेदना एका ठिकाणीं जन्मते व दुसऱ्या ठिकाणीं वस्तीस जाते. आरंभीं ती बेंबीच्या आसपास, नक्की कोठें तें सांगतां न येणारी असते. कांहीं तासांनीं ती खालीं उजव्या कुशींत येऊन ठरते, आणि मग रोगी एका बोटानें जागा दाखवितो. भूक मरते, मळमळ किंवा उलटी होते, अंग थोडें तापतें. बहुधा दुखणें आधीं व उलटी मागाहून, असा क्रम असतो. उलटी व जुलाब आधीं सुरू होऊन मग पोट दुखूं लागलें असेल, तर दुसऱ्या कारणाचाही विचार करावा लागतो.

नंतर डोळ्यांनीं पाहावें. मूतखड्याचा रोगी तळमळतो, लोळतो. याउलट हा रोगी गुडघा आंखडून निपचित पडतो, कारण हालचालीनें वेदना वाढते. त्यास खोकावयास सांगितलें तर त्याचा हात आपोआप उजव्या कुशीकडे जातो. लहान मुलास एका पायावर उडी मारावयास सांगतात. तें बहुधा मारीत नाहीं.

यानंतर डॉक्टर हात लावितात. हात गार नसावा, आणि आरंभ दुखऱ्या जागेपासून न करितां दूरच्या, म्हणजे डाव्या बाजूपासून करावा. बोटें सपाट ठेवून हलकेंच दाबीत जावें, आणि दृष्टि पोटावर नव्हे, रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवावी. बेंबीपासून उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत एक रेघ कल्पिली, तर त्या हाडाकडून तिच्या एक तृतीयांशावर जी जागा येते, ती सर्वांत दुखरी असते. न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स मॅकबर्नी यांनीं ती १८८९ सालीं वर्णिली. तेथें पोटाचे स्नायु रोग्याच्या इच्छेवांचूनच घट्ट होतात. हें लक्षण फार महत्त्वाचें आहे. पोट खोल दाबून हात एकदम उचलण्याची जुनी रीत आहे, पण ती रोग्यास फार छळणारी आहे. बोटानें हलकें ठोकूनही तीच माहिती मिळते. डावी बाजू दाबली असतां उजवीकडे दुखतें, हें डेन्मार्कच्या रोव्हसिंग यांनीं सांगितलेलें लक्षण. नळी आंतड्याच्या मागें दडली असेल तर पुढून पोट मऊच लागतें. अशा वेळीं डाव्या कुशीवर निजवून उजवी मांडी मागें नेली म्हणजे दुखतें.

यांपैकीं एकही लक्षण एकटें निर्णायक नाहीं. लहान मुलें व वृद्ध यांत लक्षणें अस्पष्ट असतात. गरोदर बाईंत वेदना वर सरकलेली आढळते. तरुण स्त्रीस गर्भाशयाबाहेर गर्भ राहिल्यानेंही असेंच दुखतें, व तेंही तितकेंच धोक्याचें. म्हणून आज डॉक्टर रक्त व लघवी तपासतात, सोनोग्राफी करितात. शंका उरल्यास कांहीं तासांनीं पुन्हां हात लावून पाहतात.

आपल्या पुण्यांतच याचें एक प्रसिद्ध उदाहरण घडलें. १९२४ च्या जानेवारींत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत असतां आजारी पडले. आंत्रपुच्छाचा दाह ठरतांच ता. १२ रोजीं त्यांस ससून रुग्णालयांत आणिलें, व त्याच रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. वादळामुळें मध्येंच वीज गेली, आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें झालें. ज्यांनीं १९०९ सालीं ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकांत डॉक्टरी धंद्यावर कडक टीका केली होती, त्यांनींच या वेळीं डॉक्टरांवर विश्वास ठेवून लेखी संमति दिली. ता. ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची सुटका केली. त्या काळीं सोनोग्राफी नव्हती, पेनिसिलिनही नव्हतें. डॉक्टरांचा भरवसा मुख्यतः विचारपूस, डोळे व हात यांवरच होता. आणि निदान झाल्यावर त्यांनीं सकाळची वाट पाहिली नाहीं.

आपल्यांतील कित्येक बंधु म्हणतात कीं, दवाखान्यांत धांवणें हें अविश्वासाचें लक्षण आहे. कलस्सैकरांस लिहितांना पौलानें लूकास वैद्य म्हटलें आहे, आणि त्यांत कमीपणा मानिलेला नाहीं. आजाऱ्यासाठीं प्रार्थना अवश्य करावी. ती गाडींत बसूनही करितां येते.

उपदेशकानें स्वतः पोट वारंवार दाबून पाहूं नये. तें काम डॉक्टरांचें. त्यानें विचारावें, पाहावें, आणि वरील क्रम जुळला तर रोग्यास तत्काळ हलवावें. १०८ या क्रमांकावर सरकारी रुग्णवाहिका मिळते. जुलाबाचें औषध देऊं नये, पोट चोळूं नये, शेकूं नये. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असल्यानें खावयास कांहीं देऊं नये. तीव्र वेदना एकाएकीं थांबली तर घरच्यांस हायसें वाटतें, पण नळी फुटली असतांही क्षणभर असेंच होतें. मग पोट लांकडासारखें कठीण होतें व ताप चढतो. कांहीं साध्या प्रकारांत हल्लीं केवळ प्रतिजैविकांनींही भागवितात, परंतु तो निर्णय रुग्णालयांतच व्हावयाचा.

बरोबर जाणाऱ्यानें डॉक्टरांस इतकें नीट सांगावें: दुखणें किती वाजतां व कोठें सुरू झालें, मग कोठें गेलें, उलटी आधीं कीं नंतर, शेवटचें अन्न केव्हां घेतलें; बाई असल्यास पाळी केव्हां आली होती. घरांत कोणी एरंडेल आधींच पाजलें असेल, तर तेंही लपवूं नये.