लाकडी नमुना, ओतीव भाग

प्रास्ताविक

मोटारीचे वजन चाकांवर तोलून धरणाऱ्या आणि रस्त्यावरचे धक्के सोसणाऱ्या यंत्रणेला ‘सस्पेन्शन’ म्हणतात. जुन्या मोटारीचा एखादा भाग बाजारात मिळेनासा होतो किंवा शर्यतीच्या गाडीसाठी वेगळ्या मापाचा भाग लागतो. अशा वेळी तो भाग वाळूच्या साच्यात ओतून घेता येतो. एक-दोन भागांसाठी धातूचा कायमचा साचा परवडत नाही. लाकडाचा नमुना मात्र घरच्या घरी, सुतारकामाच्या हत्यारांनी तयार करता येतो. तो कसा करतात, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही

• ‘नमुना’ व ‘साचा’ यांतील फरक सांगू शकाल;
• नमुना मूळ भागाहून वेगळा का ठेवतात, ते स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या कामाची कृती क्रमवार लिहू शकाल.

मूळ पाठ

रोजच्या बोलण्यात आपण ‘साचा’ हा शब्द सैलपणे वापरतो. ओतकामात मात्र नेमकेपणा लागतो. ज्या वस्तूभोवती वाळू ठोकून बसवतात, तो नमुना. कारखान्यात त्याला ‘पॅटर्न’ म्हणतात. नमुना काढून घेतल्यावर वाळूत जी पोकळी उरते, तो साचा. वितळलेला धातू साच्यात ओततात. नमुन्याला त्याचा स्पर्शही होत नाही. म्हणूनच नमुना लाकडाचा चालतो आणि एकाच नमुन्यावरून अनेक साचे होतात.

चाकाचे बेअरिंग ज्यात बसते, तो ‘नकल’ हा भाग उदाहरणादाखल घेऊ. येथे एक शंका मनात येईल. जुना नकल हाती असताना तोच वाळूत ठेवून साचा का करू नये? याचे उत्तर धातूच्या स्वभावात आहे. वितळलेला धातू थिजून थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंसाठी एका मीटरमागे सुमारे 13 मिलिमीटर, तर बिडासाठी सुमारे 10 मिलिमीटर आकसणे धरतात. जुन्या भागावरून साचा केला, तर नवा भाग लहान होईल. 300 मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग हवा असेल, तर नमुना सुमारे 304 मिलिमीटर लांब ठेवावा लागतो. ज्या पृष्ठभागांवर पुढे यंत्रकाम व्हायचे असते, तेथे आणखी दोन-तीन मिलिमीटर जाडी वाढवतात.

दुसरी गोष्ट उताराची. उभ्या बाजू अगदी सरळ असल्या, तर नमुना उचलताना वाळूच्या कडा ढासळतात. म्हणून त्या बाजूंना एक ते दोन अंशांचा उतार देतात. 60 मिलिमीटर उंचीच्या बाजूला दोन अंशांचा उतार म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचा फरक. तिसरी गोष्ट कोपऱ्यांची. आतले तीक्ष्ण कोपरे पुट्टीने किंवा मेणाने भरून गोलाकार करतात. कारण तीक्ष्ण कोपऱ्यापाशी ताण एकवटतो आणि तेथूनच तडा जातो. बेअरिंगचे भोक नमुन्यात कोरत नाहीत. त्या जागी वाळूचा वेगळा गाभा बसवतात आणि त्याच्या टेकूसाठी नमुन्यावर उंचवटे ठेवतात.

नमुन्यासाठी चांगले वाळलेले सागवान घ्यावे. नमुना दोन अर्धकांत करून ती लाकडी खुंट्यांनी अचूक जुळवावीत. शेवटी पॉलिश कागदाने घासून लाखेचे दोन-तीन हात द्यावेत. नाहीतर ओलसर वाळूतील पाणी शोषून लाकूड फुगते.

नमुना घरी झाला, तरी ओतकाम फाउंड्रीतच करून घ्यावे. कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे अशा अनेक फाउंड्री आहेत. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते. इतका तप्त धातू पाण्याशी अडकला, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. धातूची निवडही जाणकाराच्या सल्ल्याने करावी. साधे बीड ठिसूळ असते. धक्का बसला की ते वाकत नाही, तुटते. म्हणून नकलसाठी ‘एसजी आयर्न’ हे चिवट बीड किंवा उष्णतेची प्रक्रिया केलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरतात.

नमुना सुबक झाला, म्हणून भाग सुरक्षित ठरत नाही. ओतीव भागाच्या पोटात हवेची पोकळी राहू शकते आणि ती वरून दिसत नाही. त्यासाठी क्ष-किरणांनी तपासणी करतात. धावत्या गाडीचा नकल तुटला, तर चाकावरचा ताबा जातो आणि प्रवाशांच्या जिवावर बेतते. लाकडातील चूक रंध्याने सुधारता येते. धातूत उतरलेली चूक रस्त्यावर उघडी पडते.

शब्दार्थ

बीड – ओतीव लोखंड
गाभा – भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा ठोकळा
रंधा – लाकूड तासून गुळगुळीत करण्याचे हत्यार

पाठगत प्रश्न

1. जुन्या भागावरूनच साचा केल्यास काय होईल?
2. नमुन्याच्या उभ्या बाजूंना उतार का देतात?
3. 500 मिलिमीटर लांबीचा बिडाचा भाग हवा असल्यास नमुन्याची लांबी किती ठेवाल?
4. ‘धातूत उतरलेली चूक रस्त्यावर उघडी पडते’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.