दिवेलागणीला चाचपडणारे मूल

लातूर जिल्ह्यात ज्वारीची भाकरी हा आहाराचा कणा होय. भाकरीने पोट भरते, अंगी बळ येते. परंतु पांढऱ्या ज्वारीतून ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही. ते पालेभाज्या, पिवळी फळे, दूध व अंडी यांतून मिळवावे लागते. १९७२ सारख्या दुष्काळात किंवा २०१६ साली लातुरास रेल्वेने पाणी आणावे लागले अशा वर्षी भाजीपाला दुर्मिळ होतो.

मंद प्रकाशात दिसण्यास डोळ्यातील जे द्रव्य लागते, ते याच जीवनसत्त्वापासून बनते. शरीरातील साठा सरला की प्रथम रातांधळेपणा येतो. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडून त्यावर साबणाच्या फेसासारखा डाग उमटतो. येथवर उपचाराने दृष्टी वाचते. मात्र बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ होऊन फुटला, तर गेलेली दृष्टी जीवनसत्त्व देऊन परत येत नाही. गोवर किंवा हगवण झालेल्या कुपोषित बालकावर ही आपत्ती थोड्याच दिवसांत ओढवू शकते.

या अंधत्वाच्या प्रतिबंधासाठी १९७० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार आज बालकास नवव्या महिन्यात १ लाख एककांची व पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख एककांची मात्रा देतात. पाचव्या वर्षापर्यंत अशा ९ मात्रा होतात. पहिलीत मूल येते ते त्यानंतर. म्हणून शाळेतील मुलांकडे लक्ष ठेवण्याचा भार शिक्षकांवरच अधिक येतो.

शाळा दिवसा भरते, रातांधळेपणा सायंकाळी दिसतो. यास्तव पालकांस विचारावे : दिवेलागणीला मूल खेळ सोडून एका जागी बसते काय? ताटातील घास चाचपडते काय? अशा मुलाची कोणी चेष्टा करू नये. डोळ्यांत घरगुती औषध न घालता त्यास त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अधिक मात्रा अपायकारक असल्याने औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. धाकट्या भावंडांचीही तपासणी करवावी. एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या त्या लहानग्यांना धोका अधिक असतो.

शाळेच्या परसबागेत शेवगा, पपई, मेथी व तांदुळजा लावावा. पाणी थोडे असल्यास हात धुतलेले पाणी वाफ्यात सोडावे. करडईचा कोवळा पाला आपल्या शिवारातच मिळतो. भाजीत थोडे तेल अवश्य असावे. स्निग्ध पदार्थाविना हे जीवनसत्त्व अंगी नीट लागत नाही. मुलांनी हा पाठ वहीत लिहावाच, परंतु तो घरच्या ताटापर्यंत पोहोचला, तरच शिकविल्याचे सार्थक झाले असे समजावे.