हवेत वाढणारी मुळे

मुलांनो, तुमच्या घराच्या गॅलरीत गुलाब, मोगरा किंवा सब्जा नक्कीच असेल. चांगली माती, थोडे खत आणि रोजचे पाणी मिळाले की ही झाडे खुशीत वाढतात. पण एक फूलझाड असे आहे की त्याला याच गोष्टी देऊन आपण मारून टाकतो. ते म्हणजे ऑर्किड. मराठीत त्याला आमरी असेही म्हणतात.

मी पहिले ऑर्किड आणले तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. ते डेंड्रोबियम प्रकारचे, जांभळ्या फुलांचे रोप होते. कुंडी अगदी लहान आणि तिच्यात माती मुळीच नाही, नुसते कोळशाचे तुकडे! मला वाटले, विकणाऱ्याने माती वाचवली. मी ते रोप मोठ्या कुंडीत माती व शेणखत घालून लावले. सकाळी मी पाणी घालीत असे, दुपारी अम्मी घालीत आणि संध्याकाळी धाकटा भाऊ. तिघांनाही एकमेकांचे ठाऊक नव्हते! महिन्याभरात पाने पिवळी पडली. एके दिवशी रोप जरासे हलवले, तर ते हातातच आले. मुळे तपकिरी, मऊ झाली होती आणि त्यांना कुजट वास येत होता.

त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दापोलीजवळ मामूंच्या गावी गेलो. त्यांच्या अंगणातील जुन्या आंब्याच्या फांदीवर जाड, लांब पानांचे एक झुडूप होते. त्यातून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस वेणीसारखा खाली लोंबत होता. कोकणात त्याला सीतेची वेणी म्हणतात. हेही ऑर्किडच. हेच फूल आसाम राज्याचे राज्यपुष्प असून तेथे बिहूच्या नृत्यात मुली ते केसांत माळतात.

मी मामूंना विचारले, "याला पाणी कोण घालतो?"

मामू हसले. म्हणाले, "पावसाळ्यात पाऊस घालतो आणि एरवी दव. तेवढे त्याला पुरते."

मला ते झुडूप काढून घरी न्यावेसे वाटले. मामूंनी हात धरला. "बेटी, त्याला तिथेच असू दे. ओढून काढलेस तर मुळे तुटतील, आणि मग ते ना तुझ्याकडे जगेल, ना इथे."

मी जवळ जाऊन पाहिले. निम्मी मुळे फांदीला घट्ट चिकटलेली होती आणि निम्मी चक्क हवेत लटकत होती. तुम्ही म्हणाल, मग हे बांडगूळच की! नाही. बांडगुळाची मुळे झाडाच्या आत शिरून त्याचा रस शोषतात. ऑर्किड मात्र झाडाकडून केवळ बसायला जागा घेते. त्याच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरट आवरण असते. पाऊस पडताच ते पाणी शोषून घेते आणि वारा लागला की मूळ बाहेरून कोरडे होते. अशा मुळांना मातीत पुरून सतत ओले ठेवले, तर त्यांना हवा मिळत नाही व ती कुजतात. माझ्या रोपाचे तेच झाले होते.

सगळीच ऑर्किडे मात्र झाडावर राहत नाहीत. हकीमसाहेबांच्या दवाखान्यातील सालब मिश्री तुम्हांला माहीत असेल. ती जमिनीत वाढणाऱ्या ऑर्किडचे वाळवलेले कंद असते.

मामूंचे म्हणणे खरे होते, हे मला पुढे वाचनातून अधिक कळले. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि त्यांच्यात अन्नाचा साठा नसतो. रानात एका खास बुरशीची मदत मिळाली तरच बी रुजते. म्हणून रानातून काढलेल्या रोपाची जागा लवकर भरून येत नाही. १९२२ साली लुइस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने बुरशीशिवाय, साखर व क्षार घातलेल्या खळीत बिया रुजवून दाखवल्या. आज रोपवाटिकांत प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे सहज मिळतात. घ्यायचे असेल तर तेच घ्या.

मीही तसेच दुसरे डेंड्रोबियम आणले. भोके असलेल्या लहान कुंडीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घातले. कुंडी पूर्वेच्या गॅलरीत टांगली. तेथे सकाळचे कोवळे ऊन येते, दुपारचे येत नाही. पाने गर्द हिरवी होऊन फुले येत नसतील, तर उजेड कमी पडतो असे समजावे. पानांवर करपल्यासारखे डाग पडले, तर ऊन जास्त होते.

पाणी केव्हा घालावे? याचे उत्तर मुळेच देतात. मूळ हिरवे दिसले तर ते ओले आहे, थांबा. रुपेरी-पांढरे दिसले की सकाळी भरपूर पाणी घाला आणि ते खालून निथळून जाऊ द्या. कुंडीखाली बशी ठेवू नका. उन्हाळ्यात मला रोज पाणी घालावे लागते, पण पावसाच्या झडीत कित्येक दिवस हात लावावा लागत नाही. खत अगदी पातळ करून, वेष्टणावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या भागाइतके, नवे कोंब वाढत असताना पंधरा दिवसांतून एकदा देते. गोगलगायी मात्र रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. त्या कोवळी मुळे आवडीने खातात.

डेंड्रोबियमचे जुने दांडे पाने गळून उघडे पडतात. ते वाळले असे समजून कापू नका. त्यांत पाणी व अन्न साठवलेले असते आणि कधीकधी त्यांच्यावरच पुन्हा फुले येतात.

माझ्या रोपाला सव्वा वर्षाने पहिला तुरा आला. नऊ फुले होती. ती सहा आठवडे टिकली. धाकट्या भावाने मोजून कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. आणि अम्मी? त्या आता पाण्याचा तांब्या उचलतात, मुळांकडे वाकून पाहतात आणि बहुतेक वेळा ते पाणी मोगऱ्याला घालतात.