बोअर ढासळतो, तर त्यात चिखल का भरत नाहीत?

प्रश्न : आमच्या बोअरला तांबडा थर लागला आणि हॅमर वर काढताच आतली भिंत ढासळली. तेलविहिरीत भिंत धरून ठेवायला चिखल वापरतात, असं वाचलं होतं. आमच्याकडे बोअरच्या गाडीवर तो का नसतो?
– एक वाचक, मुरबाड तालुका

उत्तर : हा ‘चिखल’ म्हणजे बहुतेकदा पाण्यात कालवलेली बेंटोनाइट माती. आपल्या देशात ती मुख्यतः कच्छमधून येते. पाण्याहून जड असल्यामुळे हे मिश्रण भिंतीला आतून रेटून धरतं. त्यातलं थोडं पाणी खडकात झिरपतं, मातीचे कण मागे राहतात आणि भिंतीवर चिवट लेप बसतो. फिरणं थांबलं की ते दह्यासारखं घट्ट होतं, त्यामुळे चुरा तळाशी बसत नाही.

शहापूर-मुरबाडचा खडक बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा, ठिसूळ पट्टा असतो. आपल्याकडचा हॅमर कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो आणि तीच हवा चुरा वर फेकते. तिच्याबरोबर भोकातलं पाणीही उडून जातं. आतला आधार गेला की झिरपून येणारं पाणी मऊ थर सोबत ओढून आणतं. काळा कातळ हे सोसतो, तांबडा थर सोसत नाही.

चिखल वापरायचा तर पंप आणि रोटरी यंत्र लागतं. पण मोठी अडचण वेगळीच आहे. बेसाल्टमध्ये पाणी असतं ते भेगांत, सच्छिद्र भागात आणि थरांच्या सांध्यांत. लेप बसतो तो याच वाटांवर. भिंत वाचेल, पण बोअर कोरडा पडू शकेल! जळगावकडच्या तापी खोऱ्यात गाळाची सगळी जमीनच सुटी, म्हणून तिथे रोटरी आणि चिखल वापरावाच लागतो. नंतर जाळीचा पाइप घालून, बोअर धुऊन तो लेप काढतात. काही ठिकाणी बेंटोनाइटऐवजी गवारीच्या बियांचा डिंक वापरतात. तो काही दिवसांत कुजून पातळ होतो.

आपल्याकडे भिंत धरायचं काम केसिंग करतं. मुरूम संपून कठीण खडक लागेपर्यंत ते उतरवलंच पाहिजे. खाली तांबडा थर असेल, तर आतून कमी व्यासाचा दुसरा पाइप त्या थराच्याही खाली न्यावा आणि जिथे पाणी लागलं तिथेच त्याला छिद्रं ठेवावीत. म्हणून खोदताना कोणत्या फुटावर कोणता खडक आणि कुठे पाणी लागलं, हे गाडीवाल्याकडून लिहून घ्या. तुमच्या बोअरमध्ये आधी साफसफाई आणि हा पाइप, मगच मोटर. नाहीतर पडलेल्या दगडांत मोटर अडकेल आणि ती काढताना बोअरही हातचा जाईल.