जाळीवरचा लेप कोणता निवडावा?

कापडी पिशवीवर छापलेले दुकानाचे नाव बोटाने चाचपून पाहा. शाईचा किंचित उंचवटा हाताला लागतो. ही छपाई पुष्कळदा स्क्रीन प्रिंटिंगने केलेली असते. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून रबरी पट्टीने शाई खाली दाबतात. जेथे छिद्रे उघडी, तेथेच शाई उतरते. बाकीची छिद्रे बुजवण्यासाठी जाळीला प्रकाशाने घट्ट होणारा लेप देतात. त्याला इमल्शन म्हणतात.

लेप वाळल्यावर त्यावर काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म ठेवून प्रखर प्रकाश देतात. लेपात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या बहुवारिकाच्या लांब साखळ्या असतात. मुख्यतः अतिनील किरणांमुळे त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तेवढा भाग पाण्यात विरघळेनासा होतो. काळ्या अक्षरांखालचा लेप मात्र धुताना वाहून जातो.

साखळ्या जोडणारा पदार्थ कोणता, यावरून लेपाचे तीन मुख्य प्रकार पडतात. पहिला बायक्रोमेटचा. पोटॅशियम बायक्रोमेट लावलेल्या कागदावर प्रकाशाचा परिणाम होतो, हे मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखवले. हा लेप स्वस्त पडतो. पण तो अंधारातही हळूहळू घट्ट होतो, म्हणून जाळी लवकर वापरावी लागते. शिवाय त्यातील षट्संयुजी क्रोमियमने त्वचेवर व्रण पडतात आणि ते कर्करोगकारक आहे. दुसरा डायझोचा. यात क्रोमियम नसते. मात्र डायझो आयत्या वेळी मिसळावे लागते आणि प्रकाशही अधिक वेळ द्यावा लागतो. तिसरा फोटोपॉलिमरचा. यात प्रकाशसंवेदी गट साखळीलाच जोडलेले असतात. काही मिसळावे लागत नाही आणि काम झटपट होते.

मग फोटोपॉलिमरच सर्वांत चांगला काय? थोडा हिशेब करू. समजा, डायझोला २०० सेकंद आणि फोटोपॉलिमरला २० सेकंद प्रकाश लागतो. पाच सेकंदांची चूक झाली, तर पहिल्यात ती अडीच टक्के, दुसऱ्यात पंचवीस टक्के! प्रकाश कमी पडला तर धुताना लेप सुटतो. जास्त झाला तर बारीक रेषा बुजतात. म्हणून आधी एकाच जाळीच्या निरनिराळ्या पट्ट्यांना कमीअधिक वेळ प्रकाश देऊन योग्य वेळ ठरवावी.

निवडताना प्रथम शाई पाहावी. कापडावरच्या पाण्यातील शाईला पाण्याने न सुटणारा लेप हवा. प्लास्टिकवरच्या शाईला तिच्यातील द्रावकाला दाद न देणारा. नंतर आपल्या दिव्याची प्रखरता पाहावी. आणि किमतीचा हिशेब मांडताना रोज तो लेप हाताळणाऱ्या कारागिराचे हात विसरू नयेत. लेप कोणताही असो, हातमोजे हवेतच.

आता एक प्रश्न: लहान दिवा जाळीपासून दुप्पट अंतरावर नेला, तर प्रकाश किती पट वेळ द्यावा लागेल? दुप्पट नव्हे, चौपट! का, ते तुम्ही शोधा.